पाव दर

पूर्णा टेसनाच्या बाहेर, हमालांच्या चहाला लागून
अपंग कोट्यातून मिळालेला बूथ:
पिवळी पाटी, काचेचं दार,
आणि स्टुलाखाली कॅलिपरसकट माझा डावा पाय.
पाटीवर माझं नाव नव्हतं.
तरी लोक म्हणायचे, "पद्मीनकडून लाव फोन."

कोड मला पाढ्यांसारखे पाठ.
नांदेड शून्य चोवीस बासष्ट,
लातूर शून्य तेवीस ब्याऐंशी.
पुण्याचा पहिल्यांदा लांब होता, मग एकाएकी आखूड झाला,
त्या आठवड्यात कितीतरी आया माझ्यावर चिडल्या,
जणू त्यांच्या लेकरांचा पत्ता मीच बदलला.
औरंगाबादचं पुढं नावच बदललं.
बोटांना मात्र अजून शून्य दोनशे चाळीसच येतं.

मीटरचे लाल आकडे पळायचे
आणि माणसं भराभर खोटं बोलायची.
"पास झालो, दादा."
"पैशे पोचले, पोचले."
"बरी हाय माय मी. सासू लई जीव लावती."
काच जाड होती, पण आवाजाला फट सापडतेच.
म्हणून मी रेडिओ मोठा करायचे.
रांगेतल्यांना वाटायचं, हिला गाण्याचा नाद.

एक जण रोज राँग नंबर लावायचा.
सुट्टे मोजायला वेळ लागावा म्हणून
चार-चार आण्यांची नाणी आणायचा.
पुढं त्यानं परळीची बायको केली.
लग्नाचं आवतण सासऱ्याला माझ्याच बूथवरून कळवलं,
मी बिल पुरं घेतलं.

मग मोबाईल आले.
एका मंगळवारी गल्ल्यात चार रुपये,
त्यातला एक माझाच.
भावाला फोन लावून सांगितलं होतं, धंदा बरा चाललाय.

रिचार्जची कुपनं विकली. झेरॉक्स काढल्या,
उन्हाळ्यात मशीन तापलं की त्याच्यावर ओला टॉवेल.
भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज,
सातबारा, जातीचा दाखला, फोटो छोटा करून द्या.
सर्व्हर डाऊन, हे दोन शब्द
मी देवाच्या नावाहून जास्त वेळा घेतले असतील.
आता तेही पोरं स्वतःच अंगठ्यानं भरतात.

भाचा म्हणला, "आत्या, बस की आता."
म्हणलं, "बाबा, बसूनच तर केलं सगळं."

बावन्नाव्या वर्षी शमीमआपाकडं कात्री धरली.
पहिला कटोरी ब्लाउज कुणाच्याच अंगाला बसला नाही,
शमीमआपा हसून हसून खाली बसली,
मग उसवत म्हणाली,
"कपडा लई समजदार रहता पद्मीन, वापस आता."
नाही आला. तो पोछा झाला.
बारावा बसला.
मशीनला मोटर लावली, उजवा पाय पुरतो.

भंगारवाला बूथचे नऊशे देत होता.
मीटर दिलं, पाटी दिली, दार नाही दिलं.
काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलं,
एक खिळा, एक आरसा.
बाया आत जातात, ब्लाउज घालून बघतात.

रात्री अकरानंतर पाव दर असायचा.
दिवसभर दोन वाक्यांत आटपणारी माणसं
तेव्हा टेकून बोलायची,
गाईला काय झालं, आंब्याला मोहर किती,
कुणी कुणी तर नुसतं गप्प राहायचं, पैसे देऊन.
मपलेही आता अकरा वाजून गेलेत.
घाई नाही. हुक लावते, काज करते,
ज्यांना मापं सांगायचीत त्यांना सांगू देते
मापांशिवायचंही.

काल चुडाव्याची नवी सून आली, आकाशी अस्तर घेऊन.
दार लावलं. बराच वेळ झाला.
मग आतून हळू आवाज, मोबाईलवर,
"बरी हाय माय मी. हाव. जेवले की."

बोट आपसूक मीटरकडं गेलं.
तिथं आता रिळांचा डबा आहे.
बाकावर दोघी वाट बघत बसल्या होत्या, कान देऊन.

मशीनखाली शिवायला काहीच नव्हतं.
एक चिंधी ओढली,
आणि मोटरवर पाय दाबून धरला.