पिवळ्या धातूच्या पाटल्या

आरोपी क्रमांक एक माझा भाऊ,
दोन आई, वय एकाहत्तर, गुडघ्यांना पट्टे,
तीन मी.

म्हापशाच्या कोर्टाच्या जिन्यात
फुर्तादो वकीलबाई मांडीवर फाइल उघडून विचारतात,
सतरा नोव्हेंबर, संध्याकाळी सात. कुठं होता?
काणकोणला, मी सांगते. विज्ञान प्रदर्शन.
बत्तीस मुलं, खाण्याच्या सोड्याचा एक ज्वालामुखी,
कदंबाच्या बसमध्ये दोघांना ओकाऱ्या.
पुरावा?
हजेरीपट आहे. मुख्याध्यापकांचा शिक्का आहे.
एक फोटो आहे, त्यात माझे डोळे मिटलेले.
छान, बाई म्हणतात,
आणि पहिल्यांदाच चहा मागवतात.

तक्रारीत शमिकानं लिहिलंय,
म्हणजे हवालदारानं लिहिलंय, तिनं सही केलीय:
सदर दिवशी नणंद सुलक्षा हिने मला उद्देशून म्हटले की
तुझ्या बापाने सोने दिले की सोन्याचे पाणी.

तारीख खोटी आहे.
वाक्य माझं आहे.

चवथीच्या आदल्या रात्री माटोळी बांधत होतो.
मी स्टुलावर, ती खालून एकेक वर देत होती,
तोरिंग, चिबूड, सुपारीचा घोस.
हात उंच केला की पाटल्या तिच्या कोपरापर्यंत घसरायच्या.
तेव्हा बोलले मी ते. हसत हसत.
सगळेच हसले.
ती हसली का, ते आठवत नाही.
आठवतं.

बाकीचं खोटं आहे हो, बाई.
उपाशी ठेवलं म्हणे, आमच्या आईनं!
कोंडलं म्हणे. आमच्या मधल्या खोलीला
बाबा गेले त्या सालापासून कडी नाही.
भावाच्या खोलीतलं मात्र मला विचारू नका.
भिंतीपलीकडून आवाज यायचे तेव्हा
मी पेपर तपासत असायची,
लाल पेन कागदात रुतेस्तोवर दाबून.

विचारतील तेवढंच सांगायचं,
बाई कप खाली ठेवतात,
तारीख गळाली की वाक्यही गळतं.

जामीन मिळाला. दर सोमवारी डिचोलीच्या ठाण्यात सही.
एका सोमवारी तिचं सामान परत द्यायची यादी चालली होती.
मिक्सर, झाकण नसलेला. समया दोन.
कपाट, आरसा तडकलेला.
पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग दोन.
सोन्याच्या का नाही लिहीत? मी विचारलं.
हवालदार मान वर न करता म्हणाले,
आम्ही काय सोनार, बाई?
दिसतं तेवढं लिहायचं.

घरी येताना पुलावर थांबले बराच वेळ.
नदीत खनिजाची एक रिकामी बार्ज
गंज धरून उभी होती, कित्येक वर्षं तशीच.

आमच्याकडं लग्नाला रजिस्ट्रारपुढं दोनदा सह्या होतात.
दुसऱ्या खेपेला साक्षीदार म्हणून मी होते.
माझं पेन चालेना, तिनं आपलं दिलं.
ते अजून माझ्याकडेच आहे. निळं.
सोमवारी त्यानंच करते.

आज पुकारा झाला,
आरोपी क्रमांक तीन.
रोज सकाळी चाळीस पोरांकडून
जो शब्द म्हणवून घेते, तो म्हणाले.
इतका मोठ्यानं, की शिपाई दचकला.
न्यायाधीश लिहीत राहिले.
दोन बाकं सोडून ती बसली होती, मनगटं मोकळी,
तिनं मात्र पाहिलं,
स्टुलावरच्या माणसाकडं खालून पाहतात
तसं.