एक पाय कमी असलेला मोर

धने आधी चपलेखाली रगडायचे,
टाचेनं, पण हलक्या.
दोन फाका व्हाव्यात, पीठ नको.
हे कुणी शिकवलं नाही,
तीनदा डबा रिकामाच उगवला तेव्हा कळलं.

डबा तेलाचा, पाच लिटरचा, आडवा कापलेला.
कापताना पत्र्यानं अंगठा घेतला.
भूलक्ष्मी म्हणाली, बेचाळीस वर्षं मागावर
दहाची दहा बोटं शाबूत आणलीत घरी,
आता कोथिंबिरीला देता का?

अशोक चौकामागं आमची एकुलती खिडकी.
समोर शेड होती, चोवीस माग.
तेव्हा गजसुद्धा थरथरायचे,
धना मातीत ठरला नसता.
आता तिथं कुलूप आहे.
एवढी शांतता, की कोंब फुटताना ऐकू यावा.
मला येत नाही.
माझे कान शेडमध्येच राहिले.

नळ पाचव्या दिवशी, तोही पहाटे तीनला.
घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचा.
डब्याला तांदळाचं धुवण,
पुदिन्याला डाळीचं.
मे महिन्यात तेही कोमट.
मग मी चादर बांधली गजांना, ओली करून.
माझ्याच हातची, सेकंडात निघालेली:
मोराला एक पाय कमी.
त्याच्या पिसाऱ्यातून ऊन गाळून येतं,
तेवढं चालतं कोथिंबिरीला.

भूलक्ष्मी खिडकीखालीच बसते, सूप मांडीवर.
रोज हजार विड्या.
पान कापायच्या कात्रीनं
जाता जाता पुदिन्याचं पिवळं पान उडवते,
बोटं नाकाशी नेते,
म्हणते, छे, तंबाखूच.
आंघोळ केली तरी तंबाखू,
भाकरी थापली तरी तंबाखू.
पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नेते.

काल कारखान्यात चेकरनं
एक कट्टा बाजूला काढला.
वळण बरोबर, दोरा बरोबर,
तरी छाट.
म्हणाला, बाई, ह्याला कसला वास मारतोय?

कट्टा पदरात बांधून आली.
उंबऱ्यातच सांगितलं मला.
मग पुन्हा सांगितलं, मोठ्यानं,
अख्ख्या गल्लीला कळेल असं,
आणि हसता हसता खाली बसली.

आमटी उतरवायची होती.
मी चार काड्या खुडल्या.
पाच खुडल्या असत्या,
पण पाणी अजून परवा.