रुमालाखाली

"चालणं विसरतात हो शेवटी,"
सांगलीतले पहिले डॉक्टर म्हणाले,
पेनाला टोपण लावत.
जेवत नाहीत? भूक विसरले.
रात्री ओरडतात? रात्र विसरले.
केसपेपरवर तवनाप्पा मगदूम, वय एक्क्याऐंशी,
आणि नावाच्याही वर, लाल शाईत: डिमेन्शिया.
अण्णांचं जे जे दुखेल ते
विसरण्याच्या खात्याला टाकायचं
आणि पान उलटायचं.

मी हळदीच्या अडत्याची मुलगी.
भलत्या खात्याला रक्कम पडली
की मला घास उतरत नाही.

म्हटलं, डॉक्टर, शुक्रवारपर्यंत हा माणूस
गणपती पेठेत रोज चुकत होता,
पण स्वतःच्या पायांनी चुकत होता.
शनिवारी पहाटे न्हाणीत बसलेले सापडले.
पडलात का, विचारलं, तर म्हणाले, पोती मोजतोय.
एका रात्रीत चालणं विसरतं का कुणी?
"या आजारात काहीही होतं, ताई."
काहीही.
केवढा ऐसपैस शब्द.
एक अख्खा म्हातारा मावतो त्यात.

दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली.
अण्णा झोपले. दुखणं जागंच राहिलं,
कुशीवर वळवलं की त्यांच्या तोंडून कण्हायचं.

मग मी त्यांचीच जुनी लाल वही काढली,
मागची कोरी पानं.
रविवार, पहाटे चार. डावीकडे वळवताना किंचाळले.
सोमवार. डावा पाय बाहेर कललेला. मला आखूड वाटतो,
भाऊ म्हणतो, भास.
सोमवार, दिवेलागण. जेवले नाहीत.
पण सूर्य मावळल्यावर अण्णा साठ वर्षं जेवलेले नाहीत;
हे ते विसरलेले नाहीत.
मंगळवार. लघवीला उठवताना माझ्या मनगटाला चावले.
मग तेच मनगट कुरवाळत बसले.

भाऊ म्हणाला, आता ह्या वयात कशाला एवढं.
त्याला मी वही दाखवली नाही.

बुधवारी रात्री मिरजेला
डॉक्टर मुजावर नावाची पोरगी, डोळे तांबारलेले,
कुणाच्या तरी रक्ताचा थेंब चपलेवर.
तिनंही आधी मलाच विचारलं,
काय होतंय त्यांना?
त्यांना विचारा, म्हटलं. पण तोंडानं नको.

खांद्यावरचा टॉवेल अण्णांच्या हातावर टाकला.
हात घाला खाली.
का कोण जाणे, घातला तिनं.
आणि अण्णांचा चेहरा बाजारातला झाला:
नजर तिसरीकडंच, ओठ मिटलेले.
चाळीस वर्षं असाच भाव सांगितलेला,
शेजारच्याला वास न लागू देता.
मी डाव्या खुब्यावर नुसतं बोट टेकवलं.

"पाचही बोटं धरली त्यांनी," ती म्हणाली, "घट्ट. म्हणजे?"
म्हणजे पाच.
पाच, का पन्नास, का पाचशे,
ते आधी तोंडानं ठरवून घ्यायचं असतं.
तेवढं मात्र खरंच विसरलेत.

ती हसली नाही. वही मागितली.
उभ्याउभ्या वाचली, सगळी,
चावल्याची ओळ दोनदा.
मग चादर बाजूला करून
दोन्ही टाचा एकमेकींशी लावून पाहिल्या,
आणि वॉर्डबॉयला जी हाक मारली
तिनं शेजारच्या खाटेवरचं पोर जागं झालं.

फोटोत खुब्याचं हाड
चांगलं बोटभर सरकलेलं.
पाच दिवस
आम्ही त्यांना त्यावर उभं करत होतो.

आता तिथं स्क्रू आहे.
मी कोण, ते अण्णांना ठाऊक नाही;
सकाळी दिवाणजी म्हणतात, रात्री अक्का.
पण दुपारी कधी पांघरुणाखाली माझा हात ओढतात,
दोन बोटं धरतात आणि सोडत नाहीत.
दोन म्हणजे दुखणं उतरलं,
का राजापुरी हळद?

मी वेळ घालते,
आणि दोन्ही मांडून ठेवते.