बॉयलरखोली, साउथ शील्ड्स

डिसेंबरचा दुसरा आठवडा आणि चर्चचा बॉयलर बंद.
बाकावर टेकलं की गारठा मांड्यांतून वर चढतो.
समुद्र दोन गल्ल्या पलीकडे, तरी त्याची खारट ओल
उपासनेच्या पुस्तकांची पानं फुगवते.
पाळकबाई हिलरी आणि मी तळघरात उतरलो,
तिच्या हातात टॉर्च,
माझ्या हातात गव्हाणीच्या पुतळ्यांचं खोकं.

नाजी आधीच आला होता. त्याचे पणजोबा एडनहून आलेले,
जहाजाच्या पोटात फावड्याने कोळसा ओढायचे.
"आमच्या घरात धंदा एकच," तो म्हणाला,
"दुसऱ्यांची आग सांभाळायची."

वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून मरीया निघाली,
नाकाचा टवका उडालेली.
हिलरी बाहीने तिला पुसू लागली
(काहीतरी पुसल्याशिवाय तिला बोलता येत नाही).
"रविवारी सरळ सांगणार आहे मी.
गरीबाघरची पोर होती, दिवस गेले होते, घाबरली होती.
देवदूताचं मला ठाऊक नाही.
देवाला एवढी हातचलाखी कशाला लागेल?"

पाना थांबला.
"नाही हो," नाजी गुडघ्यांवरूनच म्हणाला,
"मरियमला कुणाचा हात लागला नव्हता."
नळीचं माप सांगावं तसं.

हिलरीला हसू आलं, आणि मध्येच अडकलं.
एक पाळक, एक मंडळीतली म्हातारी,
आणि कुमारीची बाजू घ्यायला
मशिदीतून आलेला प्लंबर.

"आणि वधस्तंभ?" तिने विचारलं.
"ते नाही झालं. देव आपल्या माणसाला असं मरू देत नाही."
"देतो," हिलरी म्हणाली.
"माझ्याकडे खात्रीचं उरलंय ते तेवढंच."
मग कुणीच बोललं नाही.
कुठेतरी थेंब थेंब गळत होतं.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं
तर काय सांगितलं असतं?

नवव्या वर्षी मला विषमज्वर झाला होता, राहुरीला.
आई शेवटपर्यंत सांगायची, एकविसाव्या रात्री
तुझ्या पायथ्याशी कुणीतरी उभं होतं, पांढऱ्या वस्त्रात,
आणि पहाटे तुला घाम फुटला.
पुढे मिरजेला नर्सिंग शिकताना कळलं
की तो ताप तिसऱ्या आठवड्यानंतर उतरायला लागतोच, उतरला तर;
आणि मिशनच्या दवाखान्यात
रात्रपाळीच्या बायका पांढरंच नेसत.
आईला मी हे कधी बोलले नाही.

नंतर इथे तेहतीस वर्षं
मीच लोकांच्या पायथ्याशी उभी राहिले, निळ्या गणवेशात.
एकदा पहाटे चारला, गोदीत काम केलेला एक म्हातारा
डोळे उघडून म्हणाला, "आलीस?"
मी म्हटलं, "आले."
तो कुणाला म्हणाला, ठाऊक नाही.
मी कुणाच्या वतीने बोलले, तेही नाही.
पण खोटं बोलले, असं अजून एकदाही वाटलेलं नाही.

नाजीने काडी पेटवली. निळी ज्योत धरली, थरथरली, राहिली.
पैसे त्याने फक्त सुट्या भागाचे घेतले.
जाताना वाटेत मरीया ठेवलेली,
तिला हात न लावता, पिशवी उचलून धरून,
तो अंग चोरून पलीकडे गेला;
झोपलेल्या माणसाला आपण ओलांडत नाही, तसा.

तेवढ्यात वरच्या रिकाम्या चर्चमध्ये
ठकठक सुरू झाली.
हिलरीने छताकडे पाहिलं. मीही.

"हवा आहे," नाजी जिन्यावरून म्हणाला,
"नळ्यांत अडकलेली. वाजू द्या."