नमुना क्रमांक तेवीस

सातवीत आम्हाला माती होती.
आमची शाळाच शेतीची, येरळेच्या काठावर.
गणितानंतर, डब्याच्या आधी मातीचा तास,
त्यामुळं भाकरीला कायम तिचा वास.

मगदूम मॅडम फळ्यावर चौकोनी रान काढायच्या
आणि त्यातून खडू न्यायच्या नागमोडी,
या बांधापासून त्या बांधापर्यंत.
एका जागची माती खोटं बोलते, म्हणायच्या.
झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको,
बांधावरची तर नकोच, तिच्यावरून भांडणं असतात.
व्ही आकाराचा खड्डा, वीतभर,
कडेची पातळ चकती घमेल्यात.
सावलीत वाळवा. ढीग करा. चार भाग करा.
समोरासमोरचे दोन टाकून द्या,
उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार,
अर्धा किलो उरेपर्यंत टाकत राहा.

तन्वीर मुलाणीनं घरी हे भातावर करून बघितलं
आणि मार खाल्ला.

पंधरा दिवसांत माती शाळेत आली.
हर्षद जमदाडेची काळी, द्राक्षबागेतली,
कापडी पिशवीत, तोंड शिवून.
वरच्या अंगाची मुरमाड.
माझी तांबूस, तिच्यात शेंगेचं एक फोलपट राहिलेलं.
माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडं.
शेतकऱ्याचे नाव. गट नंबर. बागायत की जिरायत.
मागील पीक. पुढील पीक.

बावीस झाल्या. तेविसावी प्रतीक्षा ऐवळे.
हातात बिस्किटाचा रिकामा पुडा, रबर लावलेला.
काट्यावर एकशे ऐंशी ग्रॅम.
गट नंबर? मी पेन टेकवून विचारलं.
आमच्यात रान न्हाई.

मग ही कुठली?

आईच्या चपलंची. खुरप्याची बी.
रोज रात्री पेपरवर झाडली,
वल्ली असली तर सकाळी खरवडली.
सोमवारी जमदाड्यांची बाग,
मंगळवार-बुधवार खालच्या मळ्यात हळद,
मग उसाची खुरपण, लांब, कालव्याच्या पल्याड.
शुक्रवारी आईला ताप होता. शुक्रवारची न्हाई.

म्हंजे ह्यात आमच्या रानातलीबी हाय,
हर्षद उठून म्हणाला.
मग तेवढी काढून घे, ती म्हणाली.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी पुडा कागदावर ओतला, बोटानं पसरला,
एक केस काढला,
हिरव्या बांगडीचा एक तुकडा काढला.
प्रतीक्षा फळ्याकडं बघत होती,
तिथं कालची नागमोडी रेघ अर्धी पुसलेली.
तुमीच सांगिटलं की, मॅडम,
एका जागची घ्यायची न्हाई, समदीकडनं फिरून घ्यायची.
आई फिरली.

त्या मातीचे चार भाग झाले नाहीत.
टाकण्याइतकी नव्हतीच ती.
गट नंबरपुढं मी आडवी रेघ मारली.
पुढील पीक?
तिथं बी रेघच मार.
शेतकऱ्याचे नाव?
इथं मात्र ती थांबली नाही.
शालन ऐवळे, म्हणाली. श पोटफोड्या नको, शहामृगाचा.

सांगलीच्या प्रयोगशाळेतून पत्रिका आल्या तेव्हा
आम्ही आठवीत गेलो होतो, माती विसरून
बियांची उगवण मोजत होतो ओल्या गोणपाटात.
माझ्या रानात नत्र कमी.
हर्षदच्यात क्षार जास्त, त्यानं ती घरी दाखवली नाही.
तेवीस नंबर: सामू आठ पूर्णांक एक,
चुनखडी जास्त, पालाश भरपूर.
खाली गोल शिक्का, वर छापील नाव.

पुढचं प्रतीक्षानं डबा खाताना सांगितलं.
आईनं पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली,
नावावरून बोट फिरवलं,
बोट ओलं होतं म्हणून पदरानं टिपलं,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवून ठेवली.
पुन्हा काढली.
म्हणाली, बाकीचं ऱ्हाऊ दे,
पर ह्यो सामू कोण गं?
कुणाच्या रानात असतो?