खालचा आकडा

वर्गात एक रबरी हात आहे, कोपरापर्यंतचा.
अठरा मुली त्याच्यावर सुई शिकतात.
तो दचकत नाही, "ताई, सावकाश" म्हणत नाही.
त्याच्या शिरेची केव्हाच चाळणी झालीय.

मी एकोणिसावी. वय चौतीस.
हजेरी घेताना हत्तुरे सिस्टर
माझ्या नावापाशी जरा थांबतात :
भाग्यलता येमूल, विडी घरकुल.

पंधरा वर्षं विड्या वळल्या.
हातमोजे घातले तरी बोटांचा तंबाखू जात नाही.
पेशंटच्या तोंडाशी थर्मामीटर नेताना
श्वास मीच रोखून धरते.

नाडी मराठीत मोजायची, असं ठरलेलं.
पण बोटं मनगटावर टेकली की
ओकटी, रेंडू, मूडू...
आणि पंचविसाला हात दोरा शोधायला लागतो.
"नाडी मोजतेस का बंडल बांधतेस?"
सिस्टर हसल्या, एकदाच.
मग स्वतः कन्नडमधून मोजून बघितलं.
आकडा तोच आला.

अडलं ते बीपीपाशी.
फुगा दाबायचा, हवा हळूहळू सोडायची,
ठोका सुरू होतो तो वरचा आकडा,
थांबतो तो खालचा.
वरचा मला लगेच सापडायचा.
खालचा येईच ना.
थांबल्यावरही माझ्या कानात वाजतच राहायचं.
भिंतीपलीकडे चार माग आहेत आमच्या,
जन्मल्यापासून.

मंगळवारी सिव्हिलला, खाट नंबर बारा :
गड्डम मामा. चाळीस वर्षं मागावर, दोन्ही कान गेलेले.
मी बोललेच नाही. कारखान्यात करतात तशी खूण केली,
बाही वर, गप बसा.
मामांनी ओळखली. दंड पुढे केला.

पारा उतरत होता. एकशेसाठला सुरू झालं,
खटक, खटक,
आणि मला आठवलं, दुपारी लाइट जाते तेव्हा
सगळी गल्ली कशी एकदम मिटते,
आणि पानं कातरता कातरता
आई मान वर करते.

तेवढंच ऐकायचं होतं.

अठ्ठ्याण्णव, मी लिहिलं.
सिस्टरनी पुन्हा घेतलं,
काही न बोलता माझ्या आकड्याखाली सही केली.

मामा हातानंच विचारत होते, किती?
दाखवायला गेले तर
अठ्ठ्याण्णवला माझी बोटं कुठं पुरणार.
तर त्यांनी आपलीही पुढे केली.