पिवळा रंग उशिरा येतो

हैबतराव शिर्के जिना चढताना दोनदा थांबले,
दोन्ही वेळा भिंतीवरचं पोस्टर वाचायच्या निमित्तानं.
उपाशीपोटी या, असं मी फोनवर बजावलं होतं.
"उपाशीच आहे गं. फक्त चहा,
अन् त्याच्याबरोबर मूठभर लीलो चेवडो. ते काय खाणं झालं?"
मी फॉर्मवर लिहिलं : उद्या पुन्हा.

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी.
काट्यावर चढण्याआधी त्यांनी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या,
खिशातला रुमालसुद्धा टेबलावर ठेवला.
दांडिया बाजारच्या आखाड्यात, स्पर्धेच्या सकाळी
आम्हा पोरींना असंच सांगायचे : डूल काढा, बांगडी काढा,
दोरीला तुमच्याशिवाय काही लागता कामा नये.
एकशे सहा किलो.

दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना.
ह्याच दंडाची शीर
आम्हाला शेवटच्या रांगेतून दिसायची.
आता मी बोटांनी चाचपत राहिले,
वीज गेल्यावर भिंतीवर काडेपेटीचा कोनाडा शोधावा तशी.
"घाबरू नकोस. टोच."

यंत्रात फिरवून आलेली नळी उजेडात धरली.
खाली रक्त बसलेलं. वर
जे गवती, आरपार दिसणारं असायला हवं
ते ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं.
नळीमागचं माझं बोट मला दिसलं नाही.

ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याचं नाव पॅराऑक्सोनेज.
नाव अवघड, काम तसं नाही.
चांगल्या कोलेस्टेरॉलच्या पाठीवर बसून हे एन्झाइम रक्तातून हिंडतं,
बिघडू लागलेली चरबी
धमनीच्या भिंतीत मुरायच्या आत गाठतं.
पण पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही ना,
गादीवरच्या शेठसारखी.
आतल्या आत धुमसते,
आणि ह्याचा हात जड होत जातो.

मोजायची रीत साधी : नमुन्यात एक द्रव मिसळायचा
आणि पिवळ्या रंगाची वाट पाहायची.

हैबतरावांचा रंग
येईना.
पुन्हा लावला. पुन्हा तेच.
आला शेवटी, हळदीचं बोट पाण्यात बुडवल्याएवढा.

नऊ वर्षांची असताना दोरीवरून निसटले होते,
बारा फुटांवरून, डोकं खाली.
जमीन आलीच नाही.
ते उभे होते हात पसरून,
रोज पाच ते सात, कोणी पडो न पडो.
चढणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त घाम यायचा,
तेव्हा त्याचं मला हसू यायचं.

गुरुवारी आले. "किती?"
संशोधनाचे आकडे सांगत नाहीत, सर.
"म्हणजे कमी."
कमी.
"वजन उतरवलं तर?"
काहींचं वाढतं. तुमचं मला माहीत नाही.

त्यांना तो रंग बघायचा होता. मी दाखवला.
शेजारी आणखी एक नळी होती,
तीही फिकीच, थोडीशी बरी.
"ही कुणाची?"
आहे एक. अडतीस वर्षांची. बसून काम करते.

त्यांनी चष्मा वर सरकवून
नळीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"तिला म्हणावं, डूल काढून ये.
उद्या पाचला.
मी खाली असेन."